ठासणीच्या बंदुकीचा वारस

नोटीस सावित्रीच्या नावावर आली, तेव्हा सावित्रीला जाऊन आठ महिने झाले होते.

गुरुदत्त राऊतांनी पोस्टात छत्तीस वर्षं काढली होती. मयत माणसाच्या नावचं टपाल कसं परत करायचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण हे टपाल पोस्टमनने नव्हे, हवालदाराने आणलं होतं, आणि हवालदाराला शेरा मारून परत पाठवण्याची सोय टपाल खात्याच्या नियमांत नाही.

"सावित्री राऊत कोन?" हवालदार जयरामने ओट्याखाली बूट झटकत विचारलं.

"माझी बायको. वारली."

"अरेरे. मग सही कोन करनार?"

नोटिशीत लिहिलं होतं की महापालिकेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्यामुळे परवानाधारकांनी आपलं शस्त्र सात दिवसांत ठाण्यात जमा करावं. हे शस्त्र म्हणजे सासरेबुवांची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, वर छर्रे, वर चिंधीचा बोळा, आणि एवढं होईपर्यंत समोरचा कोल्हा काकडी खाऊन घरी गेलेला असायचा. होळी गावातल्या त्यांच्या वाडीत केळीवर वटवाघळं आणि काकडीवर कोल्हे येत, त्या काळी शेतीसंरक्षणासाठी तिचा परवाना मिळाला होता. सासरे गेल्यावर तो एकुलत्या एका मुलीच्या, म्हणजे सावित्रीच्या नावावर झाला. दर निवडणुकीला सावित्री बंदूक घेऊन ठाण्यात जायची, तिथे तिला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. निकाल लागला की ती बंदूक घेऊन परत यायची आणि मधल्या खोलीत दोन खुंट्यांवर ठेवायची. गुरुदत्तांनी एकदा 'मी येऊ का सोबत' म्हटलं, तर ती म्हणाली होती, "अहो, बंदूक असताना सोबत कशाला?"

"बंदूक घरातच हाय ना?" जयरामने विचारलं.

"भिंतीवर आहे."

"आठ महिने?"

"एकोणीसशे बासष्टपासून."

जयरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. "काका, परवाना काकूंबरोबर संपला. त्या गेल्या तेव्हाच जमा करायला पायजे होती. आता ती बंदूक बेकायदेशीर झाली. म्हंजे तुम्ही पन थोडे बेकायदेशीर."

गुरुदत्त ओट्यावरून उठून उभे राहिले. "मग घेऊन जा तुम्ही."

"मी कशी नेऊ? वारसानं अर्जासकट आनायची असते."

"मग मी आणतो."

"तुमच्याकडं परवाना कुठंय? रस्त्यात कोनी धरलं तर?"

"मग राहू दे इथेच."

"ठेवायला पन परवाना लागतो."

गुरुदत्तांनी भिंतीकडे पाहिलं. जी ठेवता येत नाही, नेता येत नाही आणि देता येत नाही अशी वस्तू त्यांनी नोकरीत एकदाच पाहिली होती. ते एका सर्कशीच्या नावाने आलेलं जिवंत बदकांचं पार्सल होतं.

शेवटी जयरामनेच तोड काढली. उद्या सकाळी तो मोटारसायकलवर पुढे राहील आणि गुरुदत्तांनी रिक्षाने मागे यायचं. "निवडनूक झाल्यावर तुमच्या नावावर परवान्याचा अर्ज करा," तो निघताना म्हणाला. "मिळाला तर बंदूक घरी. नाय मिळाला तर सरकारजमा."

सरकारजमा हा शब्द गुरुदत्तांना अजिबात आवडला नाही. सावित्रीच्या साड्या कृतिकाने, त्यांच्या मुलीने, नातेवाइकांत वाटल्या होत्या. तिचा चष्मा कुणीतरी शहाण्या माणसाने दान करून टाकला होता. तिने स्वतःच्या हाताने पुसलेली, तेल लावलेली, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलेली एकच वस्तू घरात जागच्या जागी उरली होती. ती परत त्या दोन खुंट्यांवर आली पाहिजे, एवढंच गुरुदत्तांना हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ज्याला त्याला ते सांगत होते, "वटवाघळं फार झालीत हो हल्ली."

बातमी वाडीत पसरायला जयरामची मोटारसायकल नाक्यापर्यंत जायचाही अवधी लागला नाही. शेजारचा यतीन हजारी मोगऱ्याच्या वाडीतून हातातल्या पाइपासकट आला. पाइपातून पाणी चालूच होतं.

"काका, देऊ नका! नियम कुणाला? तुम्हाला आणि मला. ज्याला गोळी घालायचीय तो काय अर्ज करतो? तो आणतो कट्टा कुठून तरी. त्याच्या कट्ट्याला आचारसंहिता आहे का? मग उपयोग काय या कायद्याचा?"

पलीकडच्या वाडीची पॉलिन कुंपणावरून म्हणाली, "पाणी बंद कर आधी, माझ्या वांग्यांत तळं झालं. आणि उपयोग मी सांगते. पाचूबंदरला माझ्या दोन भावांचं जाळ्यावरून भांडण झालं. मोठ्यानं हाताला लागलं ते उचललं. काय लागलं? वल्हं. धाकट्याला अकरा टाके पडले. ईस्टरला दोघं एका टेबलावर जेवले. हाताला बंदूक लागली असती तर जेवायला एकच बसला असता, आणि तोही तुरुंगात."

"पण वल्ह्याला कुठे परवाना लागतो?" यतीन म्हणाला.

"म्हणूनच तो जिवंत राहिला ना, बाबा!"

या युक्तिवादात काहीतरी चुकतंय असं यतीनला वाटत होतं, पण काय ते सापडेना, म्हणून तो पाणी बंद करायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक सतरंजीत गुंडाळून गुरुदत्त रिक्षात बसले. बंदूक साडेचार फूट होती आणि रिक्षा तेवढी रुंद नव्हती. दस्ता मांडीवर घेतला तर नळी बाहेर जायची आणि नळी आत घेतली तर दस्ता रिक्षावाल्याच्या मानेला टोचायचा. "काका, झाडू आहे का?" त्याने विचारलं. गुरुदत्त खोटं बोलत नसत. "बंदूक आहे," ते म्हणाले. त्यानंतर रिक्षावाल्याने वाटेतला एकही खड्डा चुकवला नाही, इतका तो समोर बघण्याऐवजी आरशात बघत होता.

नाक्यावर निवडणुकीचं तपासणी पथक होतं. जयरामला त्यांनी सलाम ठोकून सोडलं. तो वळणावरून दिसेनासा झाला आणि मागची रिक्षा त्यांनी अडवली.

पथकाच्या प्रमुख हेमांगी मॅडम एरवी शाळेत गणित शिकवायच्या आणि निवडणुकीपुरत्या दारू-शस्त्रं पकडायच्या. सोबत एक शिपाई आणि एक कॅमेरावाला होता.

"यात काय आहे?"

"बंदूक."

कॅमेरावाला दोन पावलं पुढे आला. शिपाई दोन पावलं मागे गेला.

"कुणाची?"

"बायकोची."

"त्या कुठे आहेत?"

"वारल्या."

शिपाई पुन्हा पुढे आला आणि त्याने गुरुदत्तांच्या खांद्यावर हात ठेवला. इतके दिवस असा हात बरेच जण ठेवत होते, त्यामुळे हे सांत्वन नाही हे गुरुदत्तांच्या लक्षात यायला वेळ लागला.

"कशानं वारल्या?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"काविळीनं."

"भरलेली आहे का ही?"

हा प्रश्न गुरुदत्तांना स्वतःला कधी पडलाच नव्हता. बंदूक हे सावित्रीचं खातं होतं. "बघावं लागेल," असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. सतरंजी रस्त्यावर अंथरली गेली. शिपायाने तोंड दुसरीकडे करून नळीच्या तोंडातला चिंधीचा बोळा ओढला आणि नळी खाली झुकवली. खळखळ आवाज करत काळपट गोल दाणे सतरंजीवर सांडायला लागले.

"छर्रे!" कॅमेरावाला ओरडला आणि पुढची दोन मिनिटं त्याने आकाशाचं चित्रीकरण केलं. रिक्षावाला रिक्षा सोडून चहाच्या टपरीमागे गेला होता.

दाणे थांबेनात. मॅडमनी खाली बसून त्यातला एक उचलला, नखाने टोकरला, दाताखाली धरला. "अहो, ही भेंडी आहे," त्या म्हणाल्या. "गावठी. आमच्या गावाला असते."

गुरुदत्त बघतच राहिले. वाडीत उंदीर फार. पत्र्याच्या डब्याला गंज चढतो, मडक्याला उंदीर लागतात, आणि बियाणं पुढच्या हंगामापर्यंत टिकवायचं म्हणजे कटकट असते. लोखंडाची, कोरडी, दोन्हीकडून बंद, उंच भिंतीवर टांगलेली जागा सावित्रीने शोधून काढली होती. किती वर्षं हे चाललं होतं देव जाणे. शेतीसंरक्षणासाठी दिलेली बंदूक खरोखरच शेतीचं संरक्षण करत होती, आणि सरकारदरबारी याची नोंद करायला एकही रकाना नव्हता.

जयराम परत येईपर्यंत गर्दी जमली होती, आणि ठाण्यात पोचेपर्यंत व्हॉट्सॲपच्या गटागटांतून संदेश फिरला होता: 'ज्येष्ठ नागरिकाकडून शस्त्र व संशयास्पद दाणे जप्त.' खाली गुरुदत्तांचा फोटो. त्यात ते डोळे मिटलेले आणि तोंड उघडं अशा अवस्थेत होते, आणि कुठल्याही गुन्ह्यात शोभले असते. पोस्टमास्तर असताना त्यांच्या सहीशिवाय गावात मोठा लिफाफा हलत नसे. आता पुण्याहून कृतिकाचा फोन आला, "बाबा, तुम्ही नक्की काय करत असता हो एकटे?"

पंचनाम्यात 'नळीतून भेंडीचे बी अंदाजे पाऊण वाटी' असं लिहिलं गेलं. बी परत मिळालं, त्यातलं मूठभर ठाणे अंमलदारांनी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी मागून घेतलं, आणि बंदूक पोचपावतीवर कोठारात गेली. त्या संध्याकाळी मधल्या खोलीत दोन रिकाम्या खुंट्या बघून गुरुदत्तांनी तिथला दिवा लावायचंच टाळलं.

निवडणूक झाली, कोण निवडून आलं हे न बघता गुरुदत्त अर्जाला लागले. अर्ज हा त्यांचा प्रांत होता. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, कृतिकाचं नाहरकत प्रतिज्ञापत्र, सातबारा. सासऱ्यांचा मूळ परवाना ठाणे जिल्ह्याचा होता. मग जिल्हा पालघर झाला, मग परवान्यांचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे गेला. बंदूक इतकी वर्षं खुंटीवरून पोलीस चौकीपलीकडे गेली नव्हती, पण कागदोपत्री तिने बराच प्रवास केला होता. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागला. तिथल्या शिक्षकाने ठासणीची बंदूक फक्त संग्रहालयात पाहिली होती, त्यामुळे त्यानेच गुरुदत्तांना चार प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत लिहून घेतली.

मग जयराम वाडीत चौकशीला आला. अर्जदाराचा स्वभाव कसा आहे, हे दोन शेजाऱ्यांना विचारून लिहायचं होतं. यतीनने काकांना मदत करायचं ठरवलं होतं. बंदूक मागणारा माणूस भारदस्त वाटला पाहिजे, अशी त्याची समजूत.

"एकदम कडक!" यतीन म्हणाला. "एकदा चिडले की संपलं. समोर कोण आहे बघत नाहीत. आमचे वडीलसुद्धा घाबरायचे."

जयरामने 'शीघ्रकोपी' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"अरे मेल्या, काय सांगतोस!" पॉलिन कुंपणातून ओरडली. "हवालदार, ते खोडा. यांना राग? घरात झुरळ निघालं तर हे मला हाक मारतात. गेल्या आठवड्यात मांजर ताटातला मासा घेऊन गेलं, तर हे त्याला म्हणाले, काटा बघ."

"पॉलिनबाय, ते ताट मला नकोच होतं," गुरुदत्त म्हणाले.

"तेच तर म्हणते मी. वर्ष होत आलं, कुठलंच ताट नकोय."

जयरामने एका शेजाऱ्याचं शीघ्रकोपी आणि दुसरीचं मांजर असा अहवाल कसा द्यायचा या विचारात पेन्सिल कानाला लावली. गुरुदत्तांना मात्र शीघ्रकोपी हा शब्द झुरळापेक्षा बरा वाटला होता. तसं बोलून दाखवता येत नव्हतं, एवढंच.

शेवटचा कागद डॉक्टरांचा होता. अर्जदार शरीराने व मनाने सुदृढ आहे, असा दाखला. दवाखाना पॉलिनच्या भाचीचा, डॉक्टर सँड्राचा. ती शाळेत असताना तिच्या नाताळच्या कार्डांची पाकिटं गुरुदत्तांनी तिकीट कमी असूनही पुढे पाठवली होती, त्यामुळे ही सही म्हणजे दोन मिनिटांचं काम असा त्यांचा हिशेब होता.

तिने रक्तदाब घेतला, वजन घेतलं, जुना कागद काढून पाहिला. "आठ किलो उतरलात, काका."

"चालणं वाढलंय. सरकारी कामं."

"झोप?"

"लागते."

"भूक?"

"लागते."

"बंदूक कशाला हवीय?"

"वटवाघळं फार झालीत."

"तुमच्या वाडीतली केळी तर मागच्या वर्षीच काढली ना? काकू आजारी पडल्या तेव्हा?"

सँड्राने पेन उघडं ठेवलं. "घरी होती तेव्हा काय करायचात तिचं?"

"पुसायचो."

"दसऱ्याला?"

"ती दसऱ्याला पुसायची. मी..." गुरुदत्त थांबले. छत्तीस वर्षांत त्यांनी कुठल्या कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, आणि या दोन मिनिटांत तीन वेळा खोटं सांगून झालं होतं. "मी रोज. दुपारी काढायचो, मांडीवर घ्यायचो, तेल लावायचो. मग संध्याकाळ व्हायची."

सँड्राने पेनाचं टोपण लावलं.

"अगं, नुसती पुसायचो! मला ती भरतासुद्धा येत नाही. भेंडी होती तिच्यात!"

"मला माहितीय, काका. मी तुम्हाला ओळखते. पण रोज दुपारी मांडीवर बंदूक घेऊन बसणारा, न जेवणारा, एकटा माणूस समोर आला तर सही करायची नाही, एवढ्यासाठीच तर हा रकाना आहे. तो दर वेळी बरोबर माणसाला अडवतो असं नाही. पण मी ओळखीच्या माणसाला सोडायला लागले, तर उद्या कुणाकुणाला सोडीन?"

गुरुदत्तांना राग आला. यतीन सांगत होता तसला, समोर कोण आहे न बघणारा. ते उठून दारापर्यंत गेले. तिथे त्यांना यतीनचे वडील आठवले. त्यांच्या नावचं रजिस्टर टपाल न्यायला एकदा त्यांचा सख्खा भाऊ आला होता. दोघं एकाच घरात राहणारे, गुरुदत्तांच्या रोजच्या बैठकीतले. "मी तुला ओळखतो रे, पण नियम तुला ओळखत नाही," असं म्हणून गुरुदत्तांनी ते दिलं नव्हतं. भाऊ चार वर्षं बोलला नाही. त्या पाकिटात वाटणीच्या दाव्याची तारीख होती आणि ते यतीनच्या वडिलांना मिळालं नसतं तर आजची मोगऱ्याची वाडी यतीनची नसती. हा किस्सा गुरुदत्तांनी आयुष्यभर अभिमानाने सांगितला होता. खिडकीच्या पलीकडे उभं राहिलं की तो नियम कसा लागतो, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ते परत येऊन बसले.

"झोप लागत नाही," ते म्हणाले. "भूकही नाही. लिही."

सँड्राने अर्जाचा कागद बाजूला सारला आणि दुसरा कोरा कागद घेतला. त्या कागदावर ती बराच वेळ लिहीत होती. मधे तिने बाहेर सांगून चहा आणि पाव मागवला, आणि गुरुदत्तांनी तो संपवेपर्यंत पुढचा पेशंट आत घेतला नाही.

दोन दिवसांनी त्यांनी ठाण्यात जाऊन बंदूक कायमची सरकारजमा करण्याचा अर्ज दिला. जयराम बराच वेळ तो वाचत राहिला. एवढा सुवाच्य, समास सोडलेला, जोडपत्रांना क्रमांक घातलेला अर्ज ठाण्यात कुणी पाहिला नव्हता.

"एकदा बघायची होती," गुरुदत्त म्हणाले.

जयरामने कोठार उघडलं. भिंतीला लागून पन्नासएक बंदुका उभ्या होत्या. कुणाचा मालक वारलेला, कुणाचा परदेशी गेलेला, कुणाचा अर्ज नाकारलेला. सगळ्यांवर धूळ, आणि निम्म्यांवर तांबडा गंज. सावित्रीची बंदूक तिसऱ्या रांगेत होती आणि तिच्या नळीवर खाऱ्या हवेचे ठिपके यायला लागले होते.

"हे काय?" गुरुदत्तांचा आवाज चढला. "तेल कोण लावतं इथे?"

"मानसं कुठं आहेत, काका? मोडीत काढायचा हुकूम येईपर्यंत नीट ठेवायच्या असतात, पन ठेवनार कोन? सगळे बंदोबस्ताला."

"आणि हुकूम कधी येणार?"

"येईल. आठ-दहा वर्षांत."

गुरुदत्तांनी तिथेच कागद मागितला आणि साहेबांच्या नावे दुसरा अर्ज लिहिला. विषय: जमा शस्त्रांच्या स्वच्छतेबाबत. अर्जदार दर सोमवारी दुपारी, पोलीस कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत, विनामोबदला काम करण्यास तयार आहे. साहेबांनी तो दोनदा वाचला, नाही म्हणायला काही कारण मिळतंय का पाहिलं, आणि सही केली.

तिसऱ्या सोमवारी कृतिकाचा फोन आला, तेव्हा मागून कुणाच्या तरी खोकल्याचा आणि दरडावण्याचा आवाज येत होता.

"बाबा, कुठे आहात?"

"पोलीस ठाण्यात."

"आता काय झालं? जेवलात का तुम्ही?"

"जयरामच्या डब्यात बोंबील होते, ते खाल्ले. बरं, नंतर बोल. हात तेलाचे आहेत आणि दोन रांगा अजून तशाच पडल्यात."